डावा कान

ऐक ना. मध्ये बोलू नकोस, चहा गार झाला तर होऊ दे, नुसतं ऐक. मंगळवारी झालंय हे आणि आज शनिवार, म्हणजे चार दिवस मी हे पोटात घेऊन हिंडतेय, आणि माझ्या पोटात काय राहतं ते तुला माहितीये. तर मंगळवारी दुपारी एका माणसाने माझ्या टेबलावर बोट वाजवलं. एवढंच. ठक ठक. मग थोडं थांबून ठक. मग थांबला तो थांबलाच, मला वाटलं संपलं, आणि मग लागोपाठ तीन. माझ्या हातातलं पेन पडलं, अक्षरशः, पेन एकीकडे, टोपण एकीकडे. कारण ते ठक ठक माझं होतं गं. जगात आणखी कुणाला ते येत असेल असं मला गेली कित्येक वर्षं एकदाही वाटलं नव्हतं, आणि हा साठीला टेकलेला माणूस, डोक्यावर हेल्मेटचा पट्टा बसून बसून केस चपटे झालेले, माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता.

थांब, आधी काम सांगते. तू सगळ्यांना सांगत फिरतेस की ही कानाच्या दवाखान्यात आहे, आणि लोक मला कानातल्या मळाबद्दल विचारतात. मी मळ काढत नाही. माझ्याकडे एक खोली आहे, खोली कसली, मोठं कपाटच, आतून जाड फोम लावलेलं, दार लावलं की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. दाराला एक काच, आत एक खुर्ची. माणूस आत बसतो, माझ्याकडे पाठ करून, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. मी बाहेर मशीनसमोर. मी बारीक आवाज सोडते, टूं. त्याला ऐकू आलं की त्याने बटण दाबायचं, की माझ्याकडे हिरवा दिवा लागतो. मग मी आवाज आणखी बारीक करते. आधी उजवा कान, मग डावा. आधी जाडे सूर, मग चढत चढत अगदी टोकदार. कुठल्या सुराला माणूस कुठपर्यंत पोचतो त्याचा आलेख निघतो. दिवसाला पंचवीस जण, जास्त करून कारखान्यांतून आलेले, कामावर राहण्यासाठी कागद हवा असलेले. दिवसभर मी माणसांच्या पाठी बघते. चेहरे नाही, पाठी. आणि मला शिकवणाऱ्या सिनियरबाईंनी पहिल्याच दिवशी एकच गोष्ट बजावली होती, "हाताला सवय लावून घेऊ नकोस. दोन आवाजांतलं अंतर सारखं बदलत राहा. पेशंट लबाड नसतात गं, घाबरलेले असतात, त्यांना ताल सापडला की ते न ऐकताच दाबतात." मी हो म्हटलं होतं. मला वाटत होतं मी पाळतेय.

आता तो बँड. तुला मी दहा वेळा ऐकवायला बघितलं, तू दर वेळी "छान आहे, पण जरा जुनं नाही का" म्हणालीस, आणि मी राग गिळला. ते चौघे. आमच्या घरी त्यांना चौघेच म्हणायचे, दादाने ठेवलेलं नाव. दादाकडे त्यांच्या कॅसेट्स होत्या आणि त्या वाजवायचं एक छोटं यंत्र होतं आणि हेडफोन एकच. आई म्हणायची, हे ढणढण घरात नको. म्हणून मग गॅलरीत कपड्यांच्या दोरीखाली पाय पसरून आम्ही दोघं, हेडफोनची पट्टी ताणून उलटी करून एक वाटी त्याच्या उजव्या कानाला, एक माझ्या डाव्या. मी आठ वर्षांची, तो सतरा. आणि त्या काळच्या रेकॉर्डिंगमध्ये कसं असायचं, वाद्यं वाटून टाकलेली असायची, काही या बाजूला, काही त्या. ड्रम सगळा डावीकडे. गिटार सगळी उजवीकडे. म्हणजे मी चार वर्षं गिटार ऐकलीच नाही! मला ठाऊकच नव्हतं की आहे. माझ्यासाठी ते गाणं म्हणजे ठक ठक, मग नुसता खरखरीचा काळोख, मग ठक. आणि त्या काळोखात दादा डोळे मिटून मान हलवत असायचा आणि मला वाटायचं काय मोठा माणूस आहे हा, कशाला मान हलवतोय, इथे तर काहीच वाजत नाहीये. मी विचारायचे, "आता काय आहे?" तो म्हणायचा, "तुला नाही कळायचं, डाव्या कानाचे." ती शिवी होती आमच्यात. भांडण झालं की, गणित चुकलं की, डाव्या कानाची ती डाव्या कानाचीच.

सगळ्यात आवडतं गाणं दुसऱ्या बाजूचं तिसरं. फार संथ. इतकं संथ की दोन ठोक्यांमध्ये आवंढा गिळून होतो. त्यात ती मोठी थांबायची जागा आहे ना, ती कशी आली हे कॅसेटच्या आतल्या कागदावर लिहिलं होतं, दादाने वाचून दाखवलं होतं. ड्रमवाल्याच्या हातातून काठी निसटली. ती वाकून उचलेपर्यंत जेवढा वेळ गेला, बाकीचे तिघे ताटकळले, आणि मग त्याने घाईघाईत लागोपाठ तीन मारले. नंतर ऐकल्यावर चौघांनी ठरवलं, हे असंच ठेवायचं. आणि आता गंमत बघ, ते थांबणं सगळीकडे आहे. आमच्या लिफ्टमध्ये जे गुळगुळीत संगीत लागतं त्यात आहे. त्या साबणाच्या जाहिरातीत आहे. तू मागे मला पाठवलेलं त्या नव्या पोरींचं गाणं, ज्याच्यावर तू स्वयंपाकघरात नाचतेस, त्यात दीड मिनिटाला आहे, मी तुला बोलले नाही, तुझा आनंद कशाला घालवा. पन्नास वर्षांपूर्वी एका माणसाची काठी पडली आणि अख्खं जग अजून ती उचलली जायची वाट बघत थांबतं, आणि कुणालाच पत्ता नाही आपण कशासाठी थांबलोय. मला वाटायचं, मला एकटीला पत्ता आहे. हे भारी वाटायचं आधी. मग नुसतं एकटीला एवढंच उरलं.

दादा नोकरीला लागला, दुसऱ्या घरी गेला, जाताना यंत्र मला देऊन गेला. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा दोन्ही वाट्या माझ्याच कानांना लावल्या आणि गिटार आली. तुला वाटेल मी नाचले असेन. मला कुणीतरी परका माणूस घरात शिरल्यासारखं झालं. माझ्या सगळ्या रिकाम्या जागा भरलेल्या होत्या. दादा तिथे मान हलवत बसलेला असायचा, तिथे आता बरोबर चाललेली एक सुंदर गिटार होती आणि दादा नव्हता. मी उजवी वाटी काढून ठेवली. अजून तशीच ऐकते. तू हसू नकोस.

तर मंगळवार. क्रेनवाले काका, फॉर्मवर लिहिलं होतं, वय अठ्ठावन्न, उंच इमारतींच्या बांधकामावर क्रेन चालवतात, एकतीस वर्षं. आत बसवताना मी नेहमीचं विचारलं, कान वाजतात का, ते म्हणाले, "वाजतात ना, पण चांगलं वाजतात." मी म्हटलं, काम कसं असतं? हे विचारायचं नसतं, पण बोलका माणूस होता. म्हणाले, "वर मी एकटा. आठ तास एका काचेच्या डब्यात, तुझ्या या डब्याहून लहान. माल भिंतीमागे असला की मला दिसत नाही. खाली शिट्टीवाला असतो. एक शिट्टी थांब, दोन वर घे, तीन खाली सोड. तो माझे डोळे, मी त्याचा हात." मी हेडफोन चढवला, दार लावलं, सुरू केलं. आणि कान काय निघाले! जाडे सूर ठीक, मधले ठीक, आणि वरचे, ते टोकदार शिट्टीसारखे सूर, जे मशीनवर काम करणाऱ्यांचे सगळ्यात आधी जातात, तिथेही दिवा लागतोय. मी आवाज कमी करतेय, दिवा लागतोय. आणखी कमी, लागतोय. शाळेतल्या मुलांचे असतात तसे कान. मी मनात म्हटलंही, वा काका. आलेख छापला. आता हे कुणाला सांगू नकोस, आम्ही कोऱ्या फॉर्मांवर सकाळीच सह्या आणि शिक्के मारून ठेवतो, पंचवीस वेळा कोण मारत बसणार. म्हणजे छापला की कागद तयार. ते बाहेर आले, मी खाली मान घालून रजिस्टरात लिहीत होते, तसंच म्हटलं, दहा मिनिटं बसा, डॉक्टर मॅडम बघतील. ते उभेच. मी पुन्हा म्हटलं. उभेच. मी मान वर केली तर ते माझ्या ओठांकडे बघत होते. आणि मग टेबलावर बोट.

"दुसऱ्या बाजूचं तिसरं," ते म्हणाले. "पोरी, तू मुद्दाम वाजवलंस ना? पहिल्या दोन आवाजांतच ओळखलं मी. म्हटलं, ही आपल्यातली आहे, ही सोडणार नाही आपल्याला."

तुला कळतंय का काय झालं होतं? माझा हात. तीन वर्षं माझा हात रोज ते गाणं वाजवत होता. टूं टूं, थांब, टूं, मग लांब थांब, काठी पडलीये, काठी उचलतोय, आणि मग लागोपाठ तीन. मला वाटायचं मी अंतर बदलतेय, सारखं सारखं होऊ देत नाहीये, आणि ते बदलणंच माझं पाठ होतं. इतक्या पाठींना मी ते वाजवून दाखवलं आणि एकालाही कळलं नाही, कारण एकाच्याही डोक्यात चौघे नव्हते. आणि या माणसाला वरचे सूर ऐकूच येत नव्हते. त्याने गाणं लक्षात ठेवून बटण दाबलं होतं. आणि त्याला वाटत होतं मी ते त्याला भेट दिलंय.

आधी मला काय झालं सांगू? मला आनंद झाला. लाज वाटते सांगायला. एका माणसाची नोकरी, कुणाच्या तरी डोक्यावर लटकणारा माल, आणि माझ्या डोक्यात काय तर, अगं बाई, हा माणूस खरा आहे, हा आत्ता इथे उभा आहे. मी मोठ्याने, तोंड नीट उघडून विचारलं, "तुम्ही त्यांना कधी ऐकलंत?" ते म्हणाले, "वीस वर्षांचा होतो. मैदानात, अगदी भोंग्यापुढे. तीन दिवस कानात समुद्र होता. अर्धे कान मशीनने नेले, अर्धे त्या चौघांनी. चौघांबद्दल माझी तक्रार नाही." मग म्हणाले, "आता वर डब्यात तेच असतं डोक्यात. कॅसेट लागत नाही. तू काय, जन्मली तरी होतीस का बँड फुटला तेव्हा?" मी म्हटलं, नव्हते. मग मी एका दमात त्यांना गॅलरी सांगितली, दोरी सांगितली, दादा सांगितला, डावा कान सांगितला. माझं कुणी असं ऐकलं नव्हतं, आणि ज्याने ऐकलं तो बहिरा, नुसते ओठ वाचत होता. ते हसले. म्हणाले, "माझा उजवा अजून थोडा चालतो. माझ्याकडे मूळ रेकॉर्ड आहे. रविवारी चारला ये. डावा तुझा, उजवा माझा. बायको गेल्यापासून घरात आवाज करायला कुणाची ना नाही."

आणि मी म्हटलं, काका, पुन्हा आत बसा.

त्यांचा चेहरा जरा उतरला. पण गेले, शहाण्यासारखे बसले, पाठ करून. आता माझी पंचाईत. मला तालाबाहेर जाताच येईना! बोट टेकलं की तेच. शेवटी मी दादाचा फोन नंबर घेतला. खरं सांगते. नऊ, मग नऊ सेकंद थांबायचं. चार, चार सेकंद. शून्य, लगेच. माझ्या दादाचा नंबर मी सोडत होते त्या टोकदार सुरात, आणि दिवा लागत होता भलत्याच वेळी. मी आवाज देते, अंधार. मी थांबते, दिवा. आवाज वाढवला, आणखी वाढवला, बाहेरच्या बाकावरच्या माणसालाही ऐकू जाईल इतका, अंधार. ते त्यांच्या गाण्यातच होते. मग मी बटणावरून हात काढला. काहीच वाजवत नव्हते. आणि दिवा लागत राहिला. लाग लाग. लाग. मोठी थांबायची जागा. लागोपाठ तीन. त्या फोमच्या खोलीत, पूर्ण शांततेत, एक माणूस पाठमोरा बसून हिरव्या दिव्याने मला गाणं वाजवून दाखवत होता. आणि मग एका ठिकाणी, जिथे माझ्या डाव्या कानात कायम नुसती खरखर होती, जिथे दादा मान हलवायचा, तिथे दिवा लागला. एकदा, दोनदा, मग एक लांब, दाबून धरलेला. ते गिटार दाबत होते. आणि त्यांची मान हलत होती गं. अगदी तशीच.

किती वेळ बघत बसले माहीत नाही. बाकावरचा पुढचा पेशंट खाकरला तेव्हा दुसरा आलेख छापला. कडेलोट. मधल्या सुरांनंतर रेघ जी खाली गेली ती कागदाच्या तळालाच.

दार उघडलं. त्यांनी माझ्या हातातला कागद बघितला आणि विचारलं, "म्हणजे तू मुद्दाम नव्हतंस वाजवलं?" मी मान हलवली, नाही. मला वाटलं आता ओरडतील, हातापाया पडतील, पडतात लोक. ते म्हणाले, "आपोआप?" आणि त्यांचं तोंड असं उजळलं, "आपोआप वाजलं? मग तर फारच झालं की!" एकतीस वर्षांची नोकरी जात होती त्या माणसाची आणि तो मला शाबासकी देत होता. मी रडवेली होऊन म्हटलं, काका, तो शिट्टीवाला. त्यांनी हेल्मेट उचलून काखेत घेतलं. मग म्हणाले, "मागच्या महिन्यात त्याने एकदा मारली. मला नाही आली. माझा हात आपोआप थांबला, नशीब. मी कुणाला बोललो नाही." हेल्मेट काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं. "दुसरा दे मॅडमना."

मी दुसरा कागद फाइलला लावला. पहिला टेबलावर राहिला. नियम आहे, चुकलेला फाडून टाकायचा. ते म्हणाले, "तो मला देतेस? कामाला नाही. घरी ठेवायला. गाणं आहे ते."

आता बघ. त्या कागदावर माझी सही होती. शिक्का होता. तारीख होती. तो कागद साइटवर दाखवला असता तर कुणी फाइल मागवली नसती, ते दुसऱ्या दिवशी सकाळी वर डब्यात असते. आणि समोर उभा होता तो माणूस ज्याने आत्ताच स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, दुसरा दे. एवढं खरं माझ्याशी या शहरात कुणी बोललेलं नाही. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी हात पुढे केलेला. जाड बोटं, अंगठा बटण दाबून लाल झालेला.

मी पट्टी घेतली, कागदावर ठेवली, आणि खालची सही-शिक्क्याची पट्टी सरळ फाडून घेतली. नीट, कपटा न उडवता. वरचा आलेख त्यांना दिला.

त्यांनी तो घेतला. फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणाले, "बरोबर केलंस." घडी घातली, खिशात ठेवला, आणि गेले. रविवारचं पुन्हा काही बोलले नाहीत. दारात थांबून हात हलवतील असं वाटलं होतं, पण त्यांची पाठच दिसली, आणि पाठी तर मी रोजच बघते.

संध्याकाळी दादाला फोन लावला. सगळं सांगायचं होतं. चौघे म्हटल्याबरोबर तो म्हणाला, "अजून ऐकतेस तू ते?" चिडून नाही, प्रेमानेच, जुन्या कपड्यांबद्दल विचारावं तसं. मागे त्याचं बाळ रडत होतं. "करतो हं नंतर," म्हणाला. चार दिवस झाले. आणि दवाखान्यात मी आता दादाच्या नंबरावर टेस्ट घेते, सगळ्यांच्या. आलेख बरोबर येतात.

सहीची ती पट्टी माझ्या पर्समध्ये आहे, ही बघ. फॉर्मवर त्यांचा पत्ता होता, तो मला पाठ झालाय, मी केला नाही, आपोआप झाला. उद्या रविवार. पण आधी हे सांग, आणि माझ्या बाजूने बोलायचं म्हणून बोलू नकोस. तो माणूस हात पुढे करून उभा होता. तू फाडली असतीस? तू काय केलं असतंस?